पोचला म्हणेपर्यंत

बस यायला तासभर उरला होता आणि अप्पा उतारावरून खाली यायचं नाव घेत नव्हते.

"जा, हाक मार," आई म्हणाली. "तुझ्या हाकेला येतील."

"तू मार ना."

"माझ्या हाकेला इतक्या वर्षांत कधी आलेत?"

लेक घरामागच्या विहिरीपर्यंत गेली आणि थांबली. तिथून पुढे उतार सुरू व्हायचा. पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेले बावीस बांध, आणि अगदी वर, उन्हात, पांढऱ्या बंडीचा एक ठिपका. दगडावर हातोडी पडल्याचा आवाज एका लयीत येत होता. विहिरीवर पाण्याची रांग लागलेली. मागच्या साली पाऊस रुसला होता. आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला, पण या विहिरीत अजून दोन पुरुष पाणी होतं. रांगेतल्या बायका तिच्याकडे बघून हसल्या. तिनं हाक मारली नाही. नुसती उभी राहिली. थोड्या वेळानं हातोडी थांबली आणि अप्पा उतरू लागले.

ते गवंडी होते, पण विटांचे नव्हेत. त्यांचं काम कोरड्या रचाईचं. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवायचा आणि त्याच्याच वजनानं त्याला उभं ठेवायचं. या कामात एकट्याचं काही चालत नाही. जड दगड खालून वर हातोहात जातो. खालच्यानं वर धरायचा, वरच्यानं पकडायचा, आणि वरचा "पोचला" म्हणेपर्यंत खालच्यानं सोडायचा नाही. वरच्याच्या हातात दगड दिसला तरी नाही. तोंडानं शब्द आला पाहिजे. अप्पांचे वडील त्या एका शब्दावाचून पायानं अधू झाले होते, म्हणून अप्पांनी तो नियम घरातसुद्धा आणला. वाटीत वाढलं, हातात पाटी दिली, बोटाला धरून शाळेच्या फाटकात सोडलं, तरी विचारायचे, "पोचलं?" पोरांनी म्हणायचं, "पोचलं, अप्पा." मग हात सुटायचा.

"एक माणूस कमी पडतंय," हातपाय धुता धुता ते म्हणाले. "वरचा बांध पोटात फुगलाय. उतरवून पुन्हा रचतोय. राहिलीस एक दिवस, तर हात लागेल."

दर वर्षी ते एकदा असं विचारायचे. आणि दर वर्षी ती म्हणायची तेच म्हणाली.

"वेळ नाही अप्पा मला."

"बरं," ते म्हणाले.

बसथांब्यावर ते बरोबर आले. हातात लिंबांची पिशवी. बस आली, ती चढली, खिडकीशी बसली. अप्पांनी पिशवी खिडकीतून आत दिली. तिनं धरली. कंडक्टरनं दोरी ओढली.

"पोचलं?"

"हो हो. सोडा आता."

बोटं सुटेनात. बस हलली. अप्पा दोन पावलं बसबरोबर चालले, मग चार. आतली माणसं बघायला लागली. मागच्या बाकावरचं कोणीतरी हसलं. "अप्पा, सोडा म्हणते ना!" ती ओरडली आणि पिशवीला हिसका दिला. दोन लिंबं रस्त्यावर घरंगळली. मागे वळून पाहिलं तेव्हा अप्पा वाकून ती उचलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. वरच्या बांधाच्या सावलीला टेकले होते. रोज खालून दगड देणाऱ्या मावशीला वाटलं, डोळा लागलाय.

*

अप्पांना गावात 'नकोअप्पा' म्हणत. काही विकायला दारात आलेल्या माणसाला त्यांचा पहिला शब्द तो असायचा. पण कंजूष म्हणाल तर तसंही नाही. हातोडीचं पोलाद घेताना ते दहा दुकानं हिंडून सगळ्यात भारी घेत. आईचा चष्मा दर दोन वर्षांनी बदलत. लेकीनं मागितलेलं एकही पुस्तक त्यांनी नाकारलं नव्हतं. मात्र बाकी वस्तूंचं त्यांचं तंत्र वेगळं होतं. घरात कोणी काही मागितलं की ते स्वच्छ सदरा घालून दुकानात जात. ती वस्तू नीट बघत, हात लावून, चालू करून, उलटी करून. दुकानदाराला सतरा प्रश्न विचारत. किंमत विचारत. मग हात जोडत.

"नुसतं बघायला आला होतात ना, अप्पा?" दुकानदार म्हणायचा. त्यालाही सवय झाली होती. "बसा, चहा घ्या."

"वस्तू झकास आहे तुमची," अप्पा मनापासून म्हणायचे. "लोकांना जरूर सांगतो."

आणि आठ दिवसांच्या आत तेवढी रक्कम उतारावर लागलेली असायची. दोन माणसांची मजुरी, चार गाड्या तळ्यातला गाळ, एक नवा बांध. बांधाला नाव त्या न घेतलेल्या वस्तूचं. सगळ्यात खालचा रेडिओ. त्याच्यावर सायकल, पंखा, टीव्ही. सोफा लांबलचक होता, त्यात मूग छान यायचा. लेकीच्या धाकट्या भावानं कॉलेजात असताना हट्ट धरलेली मोटरसायकल म्हणजे दोन रुंद बांध आणि एकवीस डाळिंबं. गावाला कोण करमणूक! "अप्पा दिसत नाहीत?" "टीव्हीत खत घालतायत." "यंदा पंख्याला कीड लागली म्हणे." घरातलीही तसंच बोलायची. आई सहज म्हणायची, "जरा रेडिओवरची चार लिंबं आण गं."

लेकीनं एकच वस्तू मागितली होती. घड्याळ. मनगटाचं, साधं. शाळेतलं शेवटचं वर्ष लागत होतं आणि वर्गात तिचं एकटीचं मनगट मोकळं होतं. अप्पा सदरा घालून गेले, बघून आले.

"शाळेत घंटा आहे की," ते म्हणाले.

त्या वर्षी मधली जागा सोडून एकदम सगळ्यात वर एक बांध झाला. त्याचं नाव घड्याळ.

परीक्षेच्या हॉलमध्ये भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. शेवटच्या पेपराला तिनं पुढच्या मुलीला हळूच विचारलं, किती वाजले? बाईंनी तिला उभं केलं. पेपर काढून घेतला, दप्तर तपासलं, सगळ्यांसमोर बाह्या वर करायला लावल्या. दहा मिनिटांनी पेपर परत मिळाला, पण हात लिहीना. घरी आल्यावर ती उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "त्या बांधाचं नाव माझ्यापुढे कोणी काढायचं नाही. मी त्या उतारावर पाऊल ठेवणार नाही."

अप्पा नुकतेच वरून उतरले होते. हातपाय धुतलेले, अंगात स्वच्छ सदरा. कुठे निघाले होते कोण जाणे. ते सदऱ्यासकट पुन्हा वर निघून गेले. घरात शब्दाला किंमत होती. त्यानंतर चोवीस वर्षं तिच्यापुढे कोणी त्या बांधाचं नाव काढलं नाही. आणि त्या दिवसापासून ती अप्पांना 'पोचलं' म्हणाली नाही. 'हो' म्हणायची, 'बरं' म्हणायची. पहिल्या पगारात तिनं घड्याळ घेतलं. आता शहरातल्या तिच्या घरात घड्याळांचा एक खणच होता, अकरा घड्याळं, त्यातली चारच चालू. कपाटं उघडली की अंगावर कोसळायची. महिन्याच्या वीस तारखेला पगार संपायचा, आणि ती पुस्तकातून वाचलेलं काही काही स्वतःला समजावत बसायची.

*

पंधराव्या दिवशी धाकट्यानं कागद पुढे ठेवला.

"खडीवाला बोललाय. उतार सगळा घेतो. दगड त्याला आयता रचलेला मिळतोय. तुझी सही लागेल."

आई भाजी निवडत होती. तिची मान वर झाली नाही.

"विहीर?" लेकीनं विचारलं.

"विहिरीचं त्याला काय करायचंय? बुजवेल नाहीतर ठेवेल." धाकटा शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर होता. दिवसभर दुसऱ्याची गाडी पुसायचा. "ताई, जन्मभर नको ऐकलंय मी. नको, नको, नको. लग्नात माझ्या मोजून चार दिवे. आता एकदा मला हो ऐकायचंय. माझी स्वतःची गाडी असावी, यात काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दारातून मावशी आत आली. नात्याची नव्हे. तीस वर्षं ती अप्पांना खालून दगड देत आली होती, म्हणून घराची मावशी. तळवे असे की त्यावर काडी ओढली तर पेटावी.

"सह्या चालल्यात? चालू द्या. मला त्यातलं कळत नाही," ती उंबऱ्यावर बसत म्हणाली. "पण तो वरचा बांध उघडा पडलाय. अर्धा उतरवून ठेवलाय त्यांनी. पावसाचा एक तडाखा बसला की सगळं खाली विहिरीत. विकायचा तर विका. पण अप्पांचं काम फाटकं विकू नका, एवढंच सांगायला आले. दोन माणसं द्या मला. दिवसाचं काम आहे."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं आईकडे.

"मी कशी येणार?" लेक म्हणाली. "मी पाऊल..."

"ज्यांना शब्द दिला होतास ते गेले," आई खाली मान घालूनच म्हणाली. "आता कोणासाठी पाळतेस?"

*

सकाळी तिघं निघाली. विहीर ओलांडताना लेकीचे पाय अडखळले. मग पहिली पायरी, दुसरी. पायरी म्हणजे बांधातूनच बाहेर काढलेला लांब दगड, बरोबर पाऊल पडेल तिथं.

खालून तिनं हा उतार जन्मभर पाहिला होता. बावीस रेघा. वर चढताना त्या रेघा छातीएवढ्या झाल्या, मग डोक्यावर गेल्या. प्रत्येक दगड दुसऱ्यात असा बसलेला की फटीत सुरी जाऊ नये. तिनं रेडिओच्या भिंतीवर हात टेकला. भिंत गार होती आणि आतून ओलसर. एवढ्या कोरड्या सालात!

"पाणी आत मुरतं," मावशी म्हणाली. "दोन पाऊस पडू देत की दहा, एक थेंब वाहून जात नाही. बावीस ठिकाणी थांबत थांबत खाली येतं. तेव्हा कुठे तुमच्या विहिरीत."

इथं आधी उघडा खडक होता. तिला आठवत होतं, लहानपणी ती याच खडकावरून घसरगुंडी करायची. आता सोफ्यात तिनं बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. काळी, भुसभुशीत माती. ही माती इथली नव्हती. तळ्यापासून इथवर घमेल्याघमेल्यानं वर आली होती, सोमवारी, मंगळवारी, बाकीचं जग बाजारात असताना. लिंबांच्या बुंध्यांना तिच्या दोन्ही पंजांची पकड बसत नव्हती. या लिंबांवर तिचं वसतिगृह झालं होतं. डाळिंबांवर आईचं ऑपरेशन. तिला हे माहीत होतं, तसं. जसं एखाद्याचं वय माहीत असतं. बाराव्या बांधाशी तिला दम लागला, आणि तिच्या मनात आलं की एका माणसानं हे केलं. बंडी घालून, हसं करून घेत, एका मागून एक न घेतलेल्या वस्तूंनी. तिनं मान वर केली. अजून दहा होते. तिला एकाएकी मोठ्यानं बोलवेना, जसं कुठल्या मोठ्या कमानीखाली गेल्यावर बोलवत नाही.

सगळ्यात वर पोचली तेव्हा धाकटा आधीच ढिगाशी दगड निवडत होता. बांधाची अर्धी भिंत उतरवलेली, दगड ओळीनं मांडून ठेवलेले, मोठे खाली, बारीक पाचरी वेगळ्या. हातोडी तशीच पडलेली. जवळ दोन सुकलेली लिंबं.

पण ती तिकडे बघतच नव्हती.

हा बांध बाकीच्यांपेक्षा रुंद होता. आणि यात काहीच पेरलेलं नव्हतं. आखूड कापलेलं गवत. मधोमध पुरुषभर उंचीचा एक उभा दगड, घासून गुळगुळीत केलेला. त्याच्याभोवती अर्धगोलात जमिनीत रोवलेले दगड, दोन रांगा. एक पांढऱ्या दगडांची, एक काळ्या. उभ्या दगडाची सावली गवतावरून निघून एका काळ्या दगडाच्या अलीकडे थांबली होती.

तिनं मनगटावर पाहिलं. पावणेदहा.

"दहाला टेकेल," मावशी म्हणाली.

"हे काय आहे?"

"आता काय आहे म्हणजे? घड्याळ."

लेक एका काळ्या दगडापाशी वाकली.

"पांढरे थंडीतले, काळे उन्हाळ्यातले. सावली बदलते ना. वर्षभर बसलाय माणूस. शाळेची घंटा इथवर ऐकू यायची. घंटा झाली की हातातलं काम टाकून सावलीच्या टोकाला एक दगड रोवायचा. हा प्रार्थनेचा. हा मधल्या सुट्टीचा. हा शाळा सुटायचा, तू घरी निघायचीस तो. आणि तो टोकाचा काळा, तो तुझ्या परीक्षेचा, दुपारचे पेपर शाळेनंतर सुटायचे ना, तो. पेपर सुटायची घंटा झाली की रोवला. सगळे पेपर होईतो आम्हाला काम नव्हतं. बसा म्हणायचे गप, पोर लिहितेय."

"मला का नाही सांगितलं?"

"शेवटचा पेपर झाला की दाखवायला आणतो म्हणाले. उतरले, सदरा चढवला, तुला आणायला." मावशीनं एक पाचर उचलून बाजूला ठेवली. "एकटेच परत आले."

लेक धाकट्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. वरच्या वाटेनं येणारे लोक इथली वेळ बघून विहिरीवर उतरतात." तो ओशाळला. "तूच म्हणाली होतीस, नाव काढायचं नाही. अप्पा म्हणाले, तिचा शब्द आहे, पाळायचा. ती आपणहून वर आली तर बघेल." हातातला दगड त्यानं उगाच फिरवला. "आम्हा सगळ्यांच्या वस्तूंत काही ना काही पेरलं त्यांनी. माझी मोटरसायकल तर वर्षाला दोनदा तोडतात. यात कधी मूठभर दाणे टाकले नाहीत. मी एकदा भांडलोसुद्धा. एवढी जागा नुसती गवताला? तर म्हणाले, ही चैन आहे माझी."

वारा नव्हता. खाली विहिरीवर रहाट कुरकुरत होता. लेक उभ्या दगडाजवळ गेली. त्याला हात लावावा की नाही तिला कळेना. शेवटी लावला. ऊन लागून तो अंगासारखा गरम झाला होता.

"चला," मावशी म्हणाली. "उन्हं चढतील. मी खाली, धाकटा मध्ये, तू वर. सूत धरून ओळ सरळ ठेवता येते?"

"नाही."

"डोळे आहेत ना? मग येईल."

*

पहिल्याच दगडाला तिची बोटं चेचली. दुसरा तिनं उलटा बसवला. मावशी खालून बघून म्हणाली, "पुस्तकं वाचून काय केलंस गं? त्याचं तोंड आत गेलंय." धाकटा हसला. तासाभरात खांदे भरून आले, तळव्यांना फोड आले, पदर कमरेला खोचला गेला. दगड यायचा. धाकट्याचे दोन्ही हात खालून, तिचे वरून. तो सोडायचा नाही.

"बोल की."

"पोचला."

मग सुटायचा. सगळं वजन तिच्याकडे यायचं, कमरेतून, पोटातून. पहिल्या पाच-सहा वेळा तो शब्द धाकट्याला मागून घ्यावा लागला. मग यायला लागला. पोचला. पोचला. शब्द म्हटल्याशिवाय कुणी सोडत नव्हतं, आणि म्हटल्यावर दगड कसा पूर्ण तिचा होत होता.

मधल्या सुट्टीच्या दगडावर सावली आली तेव्हा तिघं पाणी प्यायली. धाकटा बांधावर पाय सोडून बसला होता. खाली बावीस पायऱ्या, लिंबं, डाळिंबं, आणि विहिरीभोवती रंगीत ठिपक्यांसारखी रांग.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

"तू पहिली पायरी चढलीस तेव्हाच कळलं मला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "गेली माझी गाडी."

"गेली कशी? स्वच्छ सदरा घाल, दुकानात जा. नीट बघ. आत बसून बघ. किंमत विचार."

त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मग त्यानं एक सणसणीत शिवी हासडली आणि हसत सुटला. हसता हसता डोळे पुसायला लागला. "तेविसावा?" तो म्हणाला. "तू देणार दगड? का शहरातून नुसती पत्रं धाडणार?"

"घड्याळांचा एक खण आहे माझ्याकडे. विकून येते."

"कोण घेणार ती?"

"नकोअप्पाच्या लेकीची आहेत म्हटलं की घेतील, नवलाई म्हणून," मावशी म्हणाली. "उठा आता. गप्पांनी बांध होत नाही."

शाळा सुटायच्या दगडावरून सावली पुढे सरकली तेव्हा फक्त वरचा थर उरला होता. लेक भिंतीवर ओणवी झाली. धाकटा पाचरी आणायला बाजूला गेला होता. मावशी खाली पुढचा दगड निवडत होती. लेकीचे हात रिकामे होते, पुढे केलेले, सोललेले, मातीनं काळे. ते तसेच हवेत राहिले. तिला खिडकी आठवली, पिशवी, न सुटणारी बोटं, बसबरोबर चाललेली ती चार पावलं. ते हट्टानं धरून नव्हते ठेवत. शब्द आला नव्हता, म्हणून सोडता येत नव्हतं.

सावली टोकाच्या काळ्या दगडावर टेकली.

"पोचलं," ती म्हणाली.

"काय पोचला?" खालून मावशी ओरडली. "मी अजून दिलासुद्धा नाही!"

लेकीनं हात मागे घेतले नाहीत. या वेळी मोठ्यानं, खाली विहिरीवरच्या बायकांनी माना वर केल्या इतक्या मोठ्यानं ती म्हणाली,

"पोचलं, अप्पा. सोडा आता."